ओसरी आणि पायरी

'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण आमच्या वडिलांच्या तोंडी कायम असायची. चाळीत कुणाकडे चार दिवसांचा पाहुणा महिनाभर राहिला की ती हमखास ऐकू यायची. खरं तर राजापूरकडून मुंबईला आल्यावर वडील स्वतः पाच वर्षं गिरगावात, लांबच्या मावशीच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपले होते. सहाच्या आत वळकटी गुंडाळावी लागे, कारण नळाकडे जायची वाट तीच. पण म्हण उच्चारताना ती गॅलरी त्यांना कधी आठवली नाही. आठवली असली तरी बोलले नाहीत.

कोचीच्या मट्टंचेरीत फिरताना मला ती म्हण वारंवार आठवत होती. हे गावच ओसरीवर वसलेलं. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला, कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीच्या खाडीचं तोंड मोकळं झालं. व्यापार सरकला आणि त्याच्यामागून माणसं. कोडुंगल्लूरचे ज्यू आले, स्पेन-पोर्तुगालमधून हुसकावलेले ज्यू आले, पोर्तुगिजांचा जाच चुकवत गोव्याहून कोकणी सारस्वत आले, कच्छी मेमन आणि गुजराती आले. आज एका सकाळी पायी हिंडून मशीद, जैन मंदिर, कोकण्यांचं तिरुमला देवस्थान, राजवाडा आणि सिनेगॉग सगळं पाहून होतं. 'इथे सगळे गुण्यागोविंदाने राहतात,' असं रिक्षावाल्याने हिंदीतून सांगितलं आणि आम्हाला थेट एका मसाल्याच्या दुकानापाशी नेऊन उतरवलं.

म्हण अगदीच खोटी नाही, याचा दाखलाही इथेच आहे. 1500 साली पोर्तुगीज आले. कोचीच्या राजाला कोळिकोडच्या सामुदिरीचा धाक होता, म्हणून त्याने यांना जवळ केलं. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पुढे त्यांनी राजाला एक वाडा बांधून दिला, देऊळ लुटल्याची भरपाई म्हणून, असं सांगतात. त्याला आज 'डच पॅलेस' म्हणतात, कारण नंतरची डागडुजी डचांची. (बांधलं एकाने, पाटी दुसऱ्याची, आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.) पाय पसरण्याची हद्द झाली ती केरळातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून हे लोक ख्रिस्ती होते. प्रार्थना कशी करायची हे पाहुणे त्यांनाच शिकवू लागले. 1653 च्या जानेवारीत मट्टंचेरीतल्या एका क्रुसापाशी मोठा जमाव जमला. सगळ्यांचा हात पोहोचेना, म्हणून क्रुसाला दोर बांधले आणि ते दोर धरून लोकांनी शपथ घेतली की पोर्तुगिजांबरोबर आलेल्या या जेझुइट पाद्र्यांचं यापुढे ऐकायचं नाही.

पण याच राजघराण्याने ज्यूंनाही जागा दिली, तीही वाड्याला लागून. स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या 'परदेशी' ज्यूंचं सिनेगॉग 1568 चं. वाड्यातल्या भगवतीच्या देवळाला ते अगदी खेटून आहे. 1662 मध्ये पोर्तुगिजांनी त्याची नासधूस केली, पुढच्याच वर्षी डचांनी कोची घेतली आणि ते पुन्हा उभं राहिलं. आत चपला काढून जावं लागतं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. दोन फरशा एकसारख्या नाहीत म्हणतात. मी वाकून वाकून जोडी शोधत राहिलो. एका फरशीवर झाड डावीकडे झुकलेलं, शेजारच्या फरशीवर तेच झाड, पण फांदी एक कमी. कुठे शाई फुटलेली, कुठे रंगवणाऱ्याचा हात थकलेला. मान अवघडली, जोडी सापडली नाही.

ओसरी दिल्याने यजमानाला काय मिळतं, याचं उत्तर मला एका ग्रंथात दिसतं. 'होर्तुस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा 12 खंडांचा लॅटिन ग्रंथ. हेंड्रिक व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने तो कोचीत असताना सिद्ध केला आणि 1678 ते 1693 या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा एळवा जातीचा वैद्य होता आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी. या तिघांचं 1675 चं निवेदन पहिल्या खंडात आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. मला ते अडखळत का होईना वाचता आलं. निर्वासितांच्या या वस्तीतून असं काही उभं राहिलं. म्हणीतले भट आणि हे भट एकच, असं मनात येऊन हसूही आलं.

मात्र ज्या संस्थानाच्या राजाने ज्यूंना देवळाशेजारी जागा दिली, त्याच संस्थानात इट्टी अच्युतनच्या जातीला देवळात पाऊल टाकायला स्वातंत्र्याचा सुमार उजाडावा लागला. समुद्रापलीकडून आलेल्याला ओसरी मिळाली. अंगणात जन्मलेल्याला पायरीही नाही.

आणि ओसरी मिळालेल्यांनी तरी काय केलं? परदेशी ज्यूंबरोबर त्यांच्या गुलामांचे, मुक्त झालेले वंशजही होते. धर्म तोच, प्रार्थना त्याच. तरी त्यांना सिनेगॉगच्या मुख्य दालनातल्या बाकांवर बसायची मुभा नव्हती. बाहेरच्या ओवरीत, नाही तर जमिनीवर बसायचं. सोळाव्या शतकातच कैरोच्या एका मोठ्या धर्मपंडिताकडे कोचीहून प्रश्न गेला होता. योग्य विधी झाल्यावर यांना वेगळं काढता येणार नाही, असं उत्तर त्याने दिलं. उत्तर आलं, व्यवहार बदलला नाही. ज्यांना स्पेनने हाकललं, पोर्तुगिजांनी छळलं, त्यांनीच आपल्या देवघराच्या दारात माणसं अडवली, आणि तीही शतकानुशतकं.

ही रीत मोडायला अब्राहम बराक सालेम पुढे आले. ते याच वगळलेल्यांपैकी, 1882 चा जन्म, शिकून वकील झालेले. 1929 च्या लाहोर काँग्रेसला जाऊन आले. गांधीजींचं सत्याग्रहाचं हत्यार त्यांनी थेट आपल्या सिनेगॉगमध्ये आणलं. लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणू लागले. बंधनं एकेक करून गळत गेली. पुढे ज्यूंच्या इस्रायलला जाण्याच्या खटपटीत त्यांनी पुष्कळ मदत केली. स्वतः मात्र कोचीतच राहिले आणि 1967 मध्ये वारले.

आता तिथे भांडायलाही कुणी नाही. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, ते बाहेरगावचे ज्यू पाहुणे आले तर भरतात. एकेकाळी बाकावर कोण बसणार यावरून इतकं रामायण झालं आणि आता बाक रिकामे आहेत. शेवटच्या काही वृद्धांपैकी एका आजींचं भरतकामाचं दुकान होतं. त्यांची अखेरपर्यंत काळजी घेतली ती एका मुस्लिम गृहस्थाने. रिक्षावाल्याचं वाक्य मी तेवढ्यापुरतं मान्य केलं.

पायरीवर बसून चपला घालताना मला आमच्या सोसायटीची मागच्या वर्षीची सभा आठवली. ठाण्यातल्या आमच्या इमारतीत 42 बिऱ्हाडं. बहुतेकांचे वडील किंवा आजोबा कुणाच्या तरी गॅलरीत, माळ्यावर, खानावळीत राहून मोठे झालेले. विषय होता भाडेकरूंचा. 'तसले लोक' नकोत, असं एक जण म्हणाला. कसले, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. ठराव लिहून ठेवू नका, फक्त तसं ठरवून टाकू, असं सेक्रेटरींनी सुचवलं. मतदानाला हात वर करायला सांगितले तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं गेलं. कशाला ते लिहिलं नाही.

यंदाची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा झालाय. विचारायला आलेलं जोडपं मी जिन्यात पाहिलं, पहिल्या पायरीवर पिशव्या ठेवून उभं होतं. त्यांचं आडनाव मला कळलंय, आणि सेक्रेटरींनाही.