कानातला आवाज आणि बाण करणारा गुरू

गेली 4 वर्षे माझ्या डाव्या कानात रातकिडा ओरडतो आहे. अधूनमधून गरगरते, भिंत धरावी लागते, आणि आता पडतो की काय या धास्तीने छाती धडधडते. पारायणातले एक स्नेही म्हणाले, "भाग्यवान आहात, हा अनाहत नाद!" ऐकायला बरे वाटते, पण व्याधीला साक्षात्कार म्हणावे का?

माझे मत, म्हणू नये. हा आतल्या कानाचा विकार आहे. ऐकणे कमी झाले की मेंदू पुष्कळदा ती उणीव स्वतःच्या आवाजाने भरतो, आणि काळजी वाढली की तोच आवाज मोठा वाटतो. खोटी रक्कम जमेला धरून ताळेबंद जुळत नाही, हे बँकेत 36 वर्षे पाहिले.

मग दत्तगुरूंकडे मागायचे काय? भागवताच्या 11 व्या स्कंधात अवधूताच्या 24 गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ताच नाही! वाजंत्री काही थांबली नव्हती. त्याचे मन बाणात होते. माझेही तसेच. जपात किंवा नातवाच्या गणितात मन लागले की आवाज मागे पडतो. मन सुटले की परत येतो. मग पुन्हा माळ हातात घ्यायची.

ज्यांना असा त्रास असेल त्यांनी आधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. मीठ कमी सांगितले तर कमी खावे. आवाज बंद कर असे मी महाराजांना म्हणत नाही. लक्ष तुझ्यापाशी राहू दे, एवढेच मागतो.

श्रीगुरुदेव दत्त.