नाव कुणाच्या हाती द्यायचं?

अमरगोळच्या एपीएमसी यार्डात काकांनी उभा जन्म अडत केली. दुकान आता चुलतभाऊ बघतो. माझा पेच मी काकांपुढे मांडला, कारण मला कोड कळणारा माणूस नको होता. विश्वासावर व्यवहार कसा चालतो ते जाणणारा हवा होता.

"जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं माझं सॉफ्टवेअर आहे ना, ते एक जण मागतोय."

"विकत?"

"विकत कसलं! ते ओपन सोर्सच आहे. कुणीही फुकट वापरावं, बदलावं. पण मूळ प्रतीत बदल करायचा हक्क फक्त मला आहे. तो त्याला हवाय. माझ्याकडून आता निभत नाही, आणि त्यानं वर्षभर फार चांगलं काम करून पाठवलंय."

"कसलं काम?"

मी कागदावर 'मार्मिक' लिहिलं. त्यातलं 'र्मि' जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं टंकायचं: पहिली वेलांटी, मग म, मग डोक्यावर रफार. युनिकोडचा क्रम उच्चाराचा: अर्धा र आधी, मग म, वेलांटी शेवटी. म्हणजे पुढचं चिन्ह मागे आणि मागचं पुढे. त्यात जोडाक्षर आलं की गुंता वाढतो. त्यानं असे कितीतरी अडलेले शब्द सोडवले होते.

"मग दे की गं. तुला वेळ नाही, त्याला हौस आहे."

"2018 मध्ये डॉमिनिक टार नावाच्या प्रोग्रामरनं असंच दिलं होतं. इव्हेंट-स्ट्रीम हे त्याचं सॉफ्टवेअर आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड व्हायचं, पण त्यानं स्वतः ते वापरणं सोडूनही वर्षं झाली होती. एका अनोळखी माणसानं सांभाळायला मागितलं, यानं दिलं. थोड्याच दिवसांत त्यात बिटकॉइन चोरणारा कोड शिरला."

"न पारखता दिलं म्हणून."

"पारखूनही फसतात, काका. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर आहे. फिनलंडचा लासे कॉलिन ते एकटा, बिनपगारी सांभाळायचा. थकला होता, आणि तसं त्यानं उघड लिहिलंही होतं. त्याच सुमारास अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला, दुसऱ्या कुणाला तरी घ्या म्हणून. जिया टान या नावानं एक जण दोन वर्षं नेटानं काम करत राहिला, हक्क मिळवला आणि 2024 मध्ये त्यात चोरवाट ठेवली. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर खोदत बसला म्हणून ती सापडली. जिया टान कोण, हे आजही उघड झालेलं नाही."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "दुकान चालवायला दिलं तर पाटी बदलते. शेतकरी पाटी बघतो आणि ठरवतो, माल इथं उतरवायचा की पुढच्या गाळ्यावर. तुमच्यात पाटी बदलत नाही?"

नेमकं हेच मला बोचत होतं. नाव तेच राहतं, आणि वापरणाऱ्यांच्या यंत्रात नवी आवृत्ती अनेकदा आपोआप उतरते. त्यांनी विश्वास माझ्यावर टाकलेला. मी तो त्यांना न विचारता भलत्याच्या हवाली करणार. परवान्यात लिहिलेलं असतं, कसलीही हमी नाही. कायद्यानं मी मोकळी आहे. पण लोक परवाना वाचून विसंबत नाहीत, वर्षानुवर्षं नीट चाललेलं बघून विसंबतात.

म्हणून मला फोर्कची वाट जास्त सरळ वाटते, आणि काकांनाही मी ती सांगितली. मी माझी प्रत उघडपणे बंद करते. त्यानं तोच कोड घ्यावा, वेगळ्या नावानं पुढे न्यावा. ज्याला पटेल तो त्याच्याकडे जाईल. मुक्ता, लोहित हे आपले देवनागरी फॉन्ट ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात, त्यात तर तशी सोयच आहे: फॉन्ट हवा तसा बदला, पण कर्त्यानं राखून ठेवलेलं नाव बदललेल्या फॉन्टला लावायचं नाही.

"आणि तो प्रामाणिक असला तर?" काकांनी विचारलं. "वर्षभर राबला बिचारा. भलत्याच्या पापापायी तू त्याला शून्यापासून सुरू करायला लावतेस."

"लावते. अन्याय आहे, मला कळतं."

"शिवाय तालुक्याच्या गावातला छापखानावाला. त्याला तुझं फोर्क-बिर्क काय ठाऊक? तुझं बंद पडलं की त्याचं काम अडलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठ्या प्रोजेक्टांमागे कंपन्या असतात. झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं 2024 मध्ये अशा कामांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेही मला मोलाचं वाटतं. पण वेलांट्या हलवणाऱ्या माझ्या चिमूटभर कोडाला पैशापेक्षा दुसरी नजर हवी आहे.

"वापरतं कोण कोण, माहीत आहे?" काका म्हणाले.

"थोडे माहीत आहेत. दोन छापखाने, एक प्रकाशक."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना कोड येत नाही, काका."

"मजकूर तर वाचता येतो ना? नवी आवृत्ती आली की त्यांनी आपल्या जुन्या पानांवर चालवून बघावी. त्यांचा होकार आल्याशिवाय पुढे सोडायची नाही. कोड तू नाहीतर आणखी कुणी बघेल. एकट्याच्या सहीनं काहीच नाही, त्याच्याही नाही आणि तुझ्याही."

"माझ्याही?"

"तू तरी त्यांना कधी भेटलीस?"

मी त्या प्रकाशकाचा नंबर शोधायला घेतला.