नॅनोकार्बन : साठवण की वहन?

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून तिच्या ऋण विद्युतअग्रात मुख्यतः कार्बनच वापरला जात आहे. त्यातील आजचे प्रमुख द्रव्य ग्रॅफाइट होय. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटमधील कार्बनथरांच्या मधल्या जागेत शिरतात. मात्र सहा कार्बन अणूंमागे एकच लिथियम अणू मावत असल्याने त्याची क्षमता प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तासांवर थांबते.

भौतिकशास्त्रज्ञ गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा सुटा थर, वेगळा केला, तेव्हा ही मर्यादा ओलांडण्याची आशा बळावली, कारण एक ग्रॅम ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ सुमारे २,६०० चौरस मीटर भरते आणि जितके पृष्ठ अधिक, तितके लिथियम अधिक मावेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु अडचणीचे मूळही या पृष्ठफळातच आहे. पहिल्या चार्जिंगमध्ये विद्युत अपघटनी, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, कार्बनच्या पृष्ठावर विघटित होऊन तेथे एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो पुढील विघटनाला आवर घालतो, म्हणून तो हवाच, पण त्यात अडकलेले लिथियम पुन्हा उपयोगी पडत नाही आणि पृष्ठ वाढले की हा तोटाही वाढतो. प्रयोगशाळेत विद्युतअग्राची चाचणी बहुधा लिथियम धातूच्या पत्र्यासमोर घेतली जाते. तेथे लिथियम मुबलक असल्याने हा तोटा पुरवठ्यात झाकून जातो; प्रत्यक्ष बॅटरीत मात्र ते धन विद्युतअग्रातून मोजकेच येते, त्यामुळे तेथे तो लपत नाही. शिवाय नॅनोकार्बनची, म्हणजे ग्राफीनसारख्या अतिसूक्ष्म रचनेच्या कार्बनची, पूड भुसभुशीत असल्याने वजनामागे उत्तम दिसणारी क्षमता आकारमानामागे खालावते, आणि फोनमध्ये तर जागेचीच चणचण असते.

नॅनोकार्बनला यश लाभले ते दुय्यम मानल्या गेलेल्या भूमिकेत. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या कितीतरी पट लिथियम धरतो, पण पूर्ण भरताना त्याचे आकारमान जवळपास चौपट होते, कण तडकतात आणि त्यांचा विद्युतसंपर्क तुटतो. अशा वेळी लांब, लवचीक आणि वीजवाहक कार्बन नॅनोनलिकांचे जाळे थोड्याशा प्रमाणातही कणांना जोडून ठेवते. साठवण सिलिकॉनची, वहन कार्बनचे, ही विभागणी शुद्ध ग्राफीनच्या विद्युतअग्रापेक्षा अधिक व्यवहार्य आहे. यापुढे नॅनोकार्बनच्या विक्रमी क्षमतेचा दावा वाचताना पहिल्या चक्रातील तोटा आणि प्रति घनसेंटिमीटर क्षमता हे दोन आकडे वाचकाने आधी शोधावेत. ते दिले नसतील, तर तो दावा अपुरा समजावा.