उत्स्फूर्तता की मनमानी?

नवे करू पाहणारा गवई परंपरा मोडतो, असे कित्येक सज्जन म्हणतात. त्यांनी कुमार गंधर्वांकडे पाहावे. क्षयाने गाणे बंद पडले. १९४८ साली ते देवासला गेले, अंथरुणाला खिळले. कानी माळव्याची लोकगीते पडत. पुढे त्या धुनांतूनच नवे राग निघाले. १९५३ साली पुन्हा मैफलीत बसले ते जवळजवळ एकाच फुफ्फुसावर! लांब दम पुरेना, म्हणून लहान, टोकदार ताना. कुणी याला मनमानी म्हटले. अहो, मुंबईस देवधरमास्तरांपाशी ज्याने वर्षानुवर्षे स्वर घोटला, त्याला ऐनवेळी सुचलेली जागा मनमानी कशी? घोकणारा चुकत नाही खरा, पण त्याला सुचत तरी काय? शिवाय कुमारांनी १९६५ साली ‘अनुपरागविलास’ काढून आपल्या बंदिशी स्वरलिपीसह लोकांपुढे ठेवल्या. मनमानी करणारा असा हिशेब देतो होय?