पहाटे तीनचा एक्स-रे कोण काढणार?

वाराणसीच्या आरोग्यसेवेची चर्चा हल्ली यंत्रांपाशी सुरू होते आणि यंत्रांपाशीच संपते. काशी हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय, त्याचे ट्रॉमा सेंटर, 2019 मध्ये टाटा मेमोरियलच्या छत्राखाली सुरू झालेले मालवीय कर्करोग केंद्र यांच्या भरवशावर पूर्व उत्तर प्रदेशच काय, पश्चिम बिहारचेही रुग्ण इथे येतात. शिवाय शहर 2014 पासून पंतप्रधानांचा मतदारसंघ. अशा ठिकाणी सीटी स्कॅन आले की बातमी होते; ते पहाटे तीनला कोण चालवणार, हा मात्र आस्थापना शाखेचा किरकोळ प्रश्न ठरतो. तो विचारलाच, तर खाटांच्या प्रमाणात पदे देण्याचा सरकारी तक्ता पुढे येतो. ओपीडीतून एक्स-रेला आलेल्या माणसाला खाट नसते, एवढे सांगून तो बाजूला ठेवता येईल. दूरस्थ अहवाल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा युक्तिवादही तसाच: अहवाल बंगळुरूत लिहिता येतो, मोडलेला खुबा डिटेक्टरवर इथेच नीट ठेवावा लागतो.

खरा प्रतिवाद करायला हवा तो कामाचा भार मोजणाऱ्यांचा, कारण त्यांचे म्हणणे शास्त्रीय वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ पद्धतीत रजा आणि पूरक कामे धरलेली असतात. पण वादात ती ‘वर्षाचे एक्स-रे भागिले माणशी एक्स-रे’ एवढ्यावर येते. दिवसाच्या ओपीडीला हे गणित लागू पडते, हे मान्य. रात्री मात्र रुग्णालय तंत्रज्ञाचे काम विकत घेत नसते, त्याची हजेरी विकत घेत असते. एक खोली चोवीस तास उघडी ठेवायची तर आठ तासांच्या पाळ्या वर्षाला 1,095 होतात. 52 साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा-सण मिळून 45 दिवस वगळले, तर एका माणसाच्या वाट्याला 268 पाळ्या येतात. म्हणजे चार माणसे पुरत नाहीत, पाचवा लागतो; मग रात्रीत दोन फिल्म निघोत की चाळीस. त्यातला एकटा तंत्रज्ञ पोर्टेबल यंत्र घेऊन अतिदक्षता विभागात गेला किंवा सी-आर्मसाठी शस्त्रक्रियागृहात अडकला, की खोली रिकामी. तिच्यासाठी दुसरा माणूस या पाचांत धरलेलाच नाही.

रिकाम्या तासांचा पगार कशाला, असे विचारणाऱ्यांनी मुंबईचे नायर रुग्णालय आठवावे. जानेवारी 2018 मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. त्या दाराशी कुणी लक्ष ठेवून असण्यातून एकही प्रतिमा निघत नाही. प्रतिमा मोजणाऱ्या हिशेबात त्या माणसाची किंमत शून्य येते. मात्र किरणोत्साराची भीती दाखवून जादा पदे मागणेही टिकणारे नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, आणि नीट कवच असलेल्या खोलीतला तंत्रज्ञ सहसा तिच्या खूप खाली राहतो. मागणी हजेरीच्या हिशेबावरच उभी करावी: ओपीडीची पदे फिल्म मोजून, आपत्कालीन सेवेची पाळ्या मोजून, आणि एकातली शिल्लक दुसऱ्यात न दाखवता. वाराणसीत पुढचे सीटी मंजूर करणाऱ्यांनी मंजुरीच्याच कागदाला किमान पाच जणांचे ड्यूटी रोस्टर जोडावे. ते जमत नसेल, तर दारावर ‘24 तास सेवा’ अशी पाटी लावू नये.