गंज, खळगे आणि निळा रंग



आमच्या घरी वडिलांच्या हातचा एक वस्तरा आहे. कित्येक पावसाळे तो ओल्या भिंतीच्या कोनाड्यात विसरून राहिला होता. आम्ही तो बाहेर काढला, तेव्हा त्याचे पाते तांबड्या गंजाने माखलेले होते, आणि देवीचे व्रण दिसावेत तसे त्यावर बारीक खळगे पडलेले होते. तो घरीच नीट करून त्यावर निळसर रंग चढवावा, असे आम्ही मनात घेतले.

त्याच सुमारास आमच्या मंडळीपुढे एक प्रश्न आला. दारूपायी मंडळी सोडून गेलेला एक बंधू सात वर्षांनी परत आला. कित्येक म्हणाले, ज्याला एकदा डाग लागला त्याला काम देऊ नये. दुसरे म्हणाले, येत्या रविवारीच त्याला हार घालून साक्ष देण्यास उभे करावे. आम्ही ह्या दुसऱ्या पक्षाचे होतो. आमची चूक आम्हांस त्या वस्तऱ्याने दाखवली.

पोलाद विस्तवावर तापवले म्हणजे ते प्रथम फिकट पिवळे, मग तपकिरी, मग जांभळे, आणि सुमारे ३०० अंश उष्णतेला सुंदर निळे होते. आम्ही निखारे फुलवून बसलो होतो. इतक्यात शेजारचा लोहार म्हणाला, “गुरुजी, हा विस्तवात घालू नका, ह्याचे पाणी उतरेल.” त्याचे म्हणणे खरे होते. वस्तऱ्याचे पोलाद कठीण केल्यावर फिकट पिवळ्या रंगापर्यंतच, म्हणजे सुमारे २०० ते २३० अंशांपर्यंत, तापवलेले असते. त्यापुढे तापवले की ते मऊ पडते. रंग डोळ्यांना दिपवतो, पण धार टिकत नाही. परत आलेल्या बंधूला लगेच व्यासपीठाच्या आगीत धरणे हे असेच नव्हे काय? लोक वाहवा करतील, पण त्याचे पाणी उतरेल.

मग आम्ही सावकाशीचा मार्ग धरला. मूठ काढून पाते रात्रभर रॉकेलात ठेवले व बारीक पॉलिश कागदाने घासले. ह्या कामाला कित्येक संध्याकाळ लागल्या. तो गंज तसाच ठेवून वर रंग चढवला असता, तर रंगाखाली तो पोलाद खातच राहिला असता. परंतु घासता घासता एक गोष्ट ध्यानात आली. बाजूचे सर्व खळगे काढू म्हटले, तर पातेच झिजून जाईल. ते राहू द्यावेत, त्यांनी काम अडत नाही. धारेवरचा खळगा मात्र सोडता येत नाही, कारण तेथे धार तुटते. म्हणून दगडावर घासून धार त्याच्या मागे न्यावी लागली. व्रण आणि गंज ह्यांतला भेद ज्याला कळत नाही, तो एकतर वस्तरा फेकून देतो, नाहीतर झिजवून टाकतो.

ह्यानंतर जे घडले ते पाहून आम्ही थक्क झालो. स्वच्छ पाते साबणाने धुऊन, बोट न लावता, शिरक्याचा ओला फडका त्यावरून फिरवला आणि ते दमट पेटीत टांगले. त्यावर तांबूस गंजाचा पातळ थर आला. मग ते पावसाच्या स्वच्छ पाण्यात उकळले, तसा तोच गंज काळा झाला. वरची सुटी भुकटी पुसून पुन्हा तसेच केले. असे पाच वेळा केल्यावर निळसर काळा, घट्ट थर बसला. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, म्हणून पोलादाचे पाणीही उतरले नाही. तांबडा गंज व हा काळा थर, दोन्ही लोखंड व प्राणवायू ह्यांचेच बनलेले. पण एक भुगा होऊन लोखंड खात जातो आणि दुसरा चिकटून त्याची राखण करतो. पापाची जी आठवण माणसाला कुरतडून टाकते, तीच पश्चात्तापाच्या पाण्यातून गेली म्हणजे त्याला सावध ठेवते.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, आणि तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभूने त्याला प्रीतीविषयी तीनदाच विचारले. एकदा विचारून भागले नाही. त्याचा नकार चारही शुभवर्तमानांत लिहिलेला आहे, म्हणजे खळगा बुजला नाही, तरी मेंढरे त्याच्याच हाती सोपवली गेली.

शेवटी एक सांगतो. दगडावर धार लावताना तेथला रंग निघून जातो, धार नेहमी उघडीच राहते. म्हणून दर वेळी वस्तरा कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे लागते. रंग चढला म्हणून निष्काळजी राहणाऱ्याचा वस्तरा पुन्हा गंजेल.

आमचा तो बंधू अजून साक्षीला उभा राहिलेला नाही. वाण्याचे जुने देणे तो दर आठवड्याला थोडथोडे फेडत आहे, आणि शनिवारी संध्याकाळी मंदिर झाडतो. त्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी एकजण त्याच्याबरोबर असतो. तुमच्या मंडळीतही असा कोणी कोनाड्यात पडला असेल. त्याला बाहेर काढा, पण रंगाची घाई करू नका. प्रभू आपणां सर्वांस धीर देवो. आमेन.