पहिले पान कोणाचे?

कुलवृत्तान्त हाती आला की आपण आधी मूळपुरुष शोधतो. तो कोठून आला, कोणत्या साली आला, हे वाचून ऊर भरून येतो. त्याच्याआधी त्या जागी कोण नांदत होते, हे माझ्या पाहण्यातल्या एकाही कुलवृत्तान्ताने विचारलेले नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या न्यू ग्लारुस या खेड्याची हकीकत वाचताना हाच प्रश्न मला टोचू लागला.

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस परगण्यात पिके बुडाली होती, हातांना काम नव्हते आणि खाणारी तोंडे उदंड झाली होती. म्हणून १८४५ साली निकोलास ड्युर्स्ट व फ्रिडोलिन श्ट्राइफ यांना जमीन पाहायला पुढे धाडले. त्यांनी १२८० एकर विकत घेतली. मागाहून एप्रिलमध्ये १९३ माणसे निघाली. ऑगस्टमध्ये पोहोचली १०८. राहिलेल्यांपैकी काही वाटेत वारली, काही वाटेतल्याच गावी थांबली. आलेल्यांनी चिठ्ठ्या टाकून वीस-वीस एकरांचे तुकडे वाटून घेतले. कष्टाळू माणसे! कादंबरीकाराला मोह पडावा अशीच. त्यांच्या वंशजांचे भाग्य असे की, ग्लारुसच्या घराण्यांच्या वंशावळी कुब्ली-म्युलर नावाच्या एका चिकाटीच्या गृहस्थाने आयुष्य वेचून लिहून ठेवल्या आहेत.

आता दुसरी बाजू. हा मुलूख हो-चंक लोकांचा. १८२९, १८३२ आणि १८३७ च्या तहांनी तो तुकड्यातुकड्यांनी गेला. त्यातल्या शेवटल्या तहाच्या वेळी, निघून जायला आठ वर्षे मिळतील, असे त्यांना सांगण्यात आले. कागदावर मात्र आठ महिने लिहिले होते. वाचकहो, ती आठ वर्षे खरोखर मिळाली असती, तर ती १८४५ मध्येच पुरी होत होती.

आता दोष कोणाला द्यावा? ड्युर्स्ट-श्ट्राइफांनी रोख दाम मोजले. त्यांनी कोणाला हुसकले नाही, कोणाला फसवले नाही. कोणी म्हणेल, असे मागे मागे जाऊ लागलो तर आपल्या सातबाऱ्यावरचे नावही धड उरणार नाही. खरे आहे. उपाशी पोरे घेऊन आलेल्या बापाला मी हा प्रश्न विचारणार नाही. पण वंशावळ लिहायला बसलेल्याला ही सवलत कशी द्यावी? मागे जाणे हाच तर त्याचा उद्योग! आजोबा-पणजोबांच्या दहा पिढ्या खणायच्या आणि स्वतःच्या शेताच्या बांधाशी येऊन डोळे मिटायचे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आणि हो-चंक काही नाहीसे झाले नाहीत. त्यांना वारंवार हाकलले, १८७४ साली तर लष्कर लावून नेब्रास्कात नेऊन सोडले. तरी पुष्कळजण परत विस्कॉन्सिनमध्ये आले. आज तेथे त्यांचे स्वतःचे शासन आहे. त्यांचीही कुळे आहेत, एकूण बारा: मेघगर्जना, अस्वल, गरुड, लांडगा अशा नावांची. मी न्यू ग्लारुसचा शाळामास्तर असतो तर पोरांना आधी ही बारा नावे पाठ करायला लावली असती, आणि मग ड्युर्स्ट नि श्ट्राइफ.